सहा कॉट, नऊ पेशंट

गेल्या श्रावणात रात्री अकराच्या सुमारास आत्येच्या छातीत दुखू लागलं, म्हणून तिला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. ईसीजी लगेच निघाला. डॉक्टर म्हणाले, "रात्रभर लक्ष ठेवूया." पण ठेवायचं कुठे? कॅज्युअल्टीत कॉट सहा, पेशंट नऊ. दोघे बाकड्यावर बसलेले, त्यांच्या सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला टांगलेल्या. आत्ये व्हीलचेअरवर.

"कॉट खंय आसा, सिस्टर?" मी विचारलं. त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे मोटरसायकलवरून पडलेला एक मुलगा व्हेंटिलेटरवर होता. गोव्याला रेफर होऊन पाच तास झाले होते, व्हेंटिलेटरवाली गाडी यायची होती. शेजारच्या आजोबांना वॉर्डात भरती करायचं ठरलं होतं, पण वॉर्ड भरलेला.

मी शाळेत गणित शिकवतो. ती रात्र डोक्यातून जाईना, तेव्हा या गर्दीला काही मोजमाप आहे का ते शोधलं. आहे. अमेरिकेत २००४ साली 'नेडॉक्स' नावाची मोजपट्टी प्रसिद्ध झाली. तिला सात आकडे लागतात: कॅज्युअल्टीतल्या कॉट, रुग्णालयाच्या एकूण खाटा, आत असलेले पेशंट, व्हेंटिलेटरवरचे पेशंट, भरतीचं ठरूनही खालीच अडकलेले पेशंट, त्यांच्यातला सर्वांत जास्त ताटकळलेला किती तास थांबलाय, आणि ज्याला शेवटची कॉट मिळाली त्याला किती वेळ वाट पाहावी लागली. उत्तर ० ते २०० मध्ये येतं. १०० च्या पुढे गर्दी, १४० च्या पुढे गंभीर गर्दी, १८० ओलांडलं की धोका.

त्या रात्रीचे आकडे घालून बघितले. रुग्णालय १०० खाटांचं. नऊ पेशंट भागिले सहा कॉट, गुणिले ८५.८, म्हणजे १२९. अडकलेले दोघे, म्हणजे तो मुलगा आणि आजोबा, भागिले १०० खाटा, गुणिले ६००, म्हणजे १२. एका व्हेंटिलेटरचे १३. पाच तासांच्या खोळंब्याचे ५. शेवटच्या कॉटसाठी दीड तास वाट पाहिली होती, त्याचे ८. सूत्राप्रमाणे यातून २० वजा केले. आले १४७. गंभीर गर्दी!

मग फक्त ते दोघे आपापल्या जागी पोचले असं धरलं. डॉक्टर तेवढेच, कॉट तेवढ्याच, दारातून कुणालाही परत पाठवलेलं नाही. उत्तर आलं ८९. या मोजपट्टीच्या भाषेत खूप धावपळ, पण गर्दी नाही.

दाभोळच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागते तेव्हा दाभोळात गाड्या वाढल्या असं कुणी म्हणत नाही. फेरीबोट पलीकडे धोपाव्याला अडकली असेल हे सगळ्यांना कळतं. कॅज्युअल्टीच्या बाबतीत मात्र आपण सरळ म्हणतो, "लोक साध्या तापाला पण इथेच येतात, म्हणून गर्दी." कॅनडातल्या ओंटारिओत हे तपासून पाहिलं आणि २००७ साली निष्कर्ष छापले. आठ तासांत किरकोळ तक्रारींचे १० पेशंट वाढले, तर बाकीच्यांचा मुक्काम सरासरी ५.४ मिनिटांनी लांबला. फक्त ५.४ मिनिटं! किरकोळ पेशंट गोळी घेऊन घरी जातो, कॉट अडवत नाही.

यामागचा हिशेब जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकांनी १९६१ मध्ये सिद्ध केला: आत असलेली सरासरी माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. तासाला चार येतात आणि दोन तास राहतात, तर आत आठ. मुक्काम तीन तासांवर गेला की बारा, येणारे चारच असले तरी.

आता एक गोष्ट मला खटकते. नेडॉक्स मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयांच्या अनुभवावर उभी राहिली. तिथे अडकलेला पेशंट म्हणजे वरच्या मजल्यावरच्या वॉर्डाची वाट बघणारा. आपल्याकडे पुढचा 'वॉर्ड' गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात असतो, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला. रेफर झालेला, पण गाडीअभावी इथेच असलेला माणूस त्या 'भरती' शब्दात बसत नाही. वर मी त्या मुलाला अडकलेल्यांत धरलं ते माझ्या जबाबदारीवर. कोकणातल्या प्रत्येक कॅज्युअल्टीत तो तसाच धरला जावा आणि रेफरचा कागद झाल्यापासून गाडी निघेपर्यंतचा वेळ रजिस्टरमध्ये लिहिला जावा, असं माझं ठाम मत आहे. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी जादा गाडी मागायची कशाच्या आधारावर?

हा वेळ जिवावर बेततो. इंग्लंडमधल्या लाखो पेशंटांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसलं, की भरतीची गरज असलेल्यांना खाट मिळायला आल्यापासून ६ ते ८ तास लागले, तर अशा दर ८२ जणांमागे महिन्याभरात एक जादा मृत्यू होतो.

त्या रात्री पावणेतीनला गाडी आली. मुलाची आई स्ट्रेचरच्या कडेला धरून पावसातच चालत गेली. वॉर्डबॉय मामांनी कॉट पुसली, सिस्टरनी चादर बदलली, आत्येला आडवं केलं आणि छातीवर मॉनिटरच्या तारा लावल्या. व्हीलचेअरवर तिचे पावणेचार तास गेले होते.