वलणीवरची जीन्स, खुंटीवरचं सूप

आषाढात आमच्या रत्नागिरीच्या घरी पडवीतल्या वलणीवर आजोबांचं धोतर आणि माझी जीन्स शेजारी शेजारी वाळत असतात. पावसाची झड असली तरी धोतर दुसऱ्या दिवशी घडी घालण्याजोगं होतं. जीन्स तिसऱ्या दिवशीही कंबरेपाशी दमट. कापड जाड आहे म्हणून, हे खरंच. पण ते इतकं गच्च भरता येतं ते त्याच्या विणीमुळे.

धोतराची वीण साधी असते: आडवा धागा, म्हणजे बाणा, एका उभ्या धाग्यावरून, म्हणजे ताण्यावरून, पुढच्याखालून, पुन्हा वरून. जीन्सच्या कापडात, म्हणजे डेनिममध्ये, उभा ताणा सहसा तीन बाण्यांवरून जातो आणि एकाखालून. शेजारचा ताणा हेच करतो, पण एक घर सरकून. त्याच्या शेजारचा आणखी एक घर. अशा सरकत्या पायऱ्यांतून कापडावर ज्या तिरक्या रेघा उमटतात, ती ट्विल वीण. ताणा निळीत रंगवलेला आणि बाणा पांढरा, म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून फिकी. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही. गुडघ्यावर घासून वरचा थर गेला की आतला पांढरा धागा दिसू लागतो.

धागा जिथे वरखाली होतो तिथे जागा अडते. ट्विलमध्ये असे वळसे कमी, त्यामुळे धागे एकमेकांना खेटून बसतात आणि तेवढ्याच जागेत जास्त मावतात. चौदा औंसी (चौरस यार्डाला चौदा औंस) डेनिमचं चौरस मीटरभर कापड पावणेपाचशे ग्रॅम भरतं. एवढं सूत पाणीही तेवढंच धरून ठेवतं. मला सर्वांत नवल वाटतं ते फाटण्याचं. साध्या विणीत धागे जागच्या जागी जखडलेले, म्हणून फाटताना एकेक करून तुटत जातात. ट्विलमधले धागे थोडे सरकतात, गोळा होतात आणि ताण मिळून झेलतात. करवंदीच्या जाळीत अडकलेली पँट वाचते ती या ढिलाईमुळे!

हीच ढिलाई शिडाला मात्र चालत नाही. वारा भरल्यावर कापड तिरकं ओढलं जाऊन आकार बिघडता कामा नये, म्हणून शिडाचं कापड साध्या विणीचं. मुंबईच्या डोंगरीत विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड शिडांना आणि तंबूंना वापरत. ‘डंगरी’ हा शब्द त्या डोंगरीवरूनच आला.

ट्विलची एक खोडही सांगायला हवी. धुता धुता जीन्सची बाजूची शिवण नडगीवर पुढे येते. मी कितीतरी वर्षं शिंप्याला बोल लावत होतो. सगळ्या रेघा एकाच बाजूला झुकलेल्या असल्यामुळे कापडात एकतर्फी ओढ राहते, आणि पाण्यात पडल्यावर ती मोकळी होते. यावर गिरणीत कापड आधीच तिरकं ओढून घेतात, किंवा रेघांची दिशा मध्येच उलटवून विणतात.

ट्विल ओळखायला जीन्सच हवी असं नाही. आमच्या माजघरात खुंटीला बांबूचं सूप असतं. त्याची पट्टी दोनवरून जाते, दोनखालून, आणि पुढची एक घर सरकून. बांबू सुतासारखा लवत नाही. पावलोपावली वळवला तर एकतर मोडेल, नाहीतर फट राहील. दोन-दोन घरं ओलांडली की पट्ट्या घट्ट जुळतात. आजी त्यात तांदूळ पाखडते तेव्हा कोंडा उडून जातो, पण विणीतून एक कणीही खाली पडत नाही.