तंबूखालचे खळे

वळवाचे दोन पाऊस झाले की भंडारदरा आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या आसपासच्या गावांत काजवे पाहायला शहरी माणसांची रीघ लागते, आणि त्याच सुमारास ‘शून्य कचरा’, ‘निसर्गस्नेही’ अशी बिरुदे मिरवणाऱ्या तंबू-मुक्कामांच्या जाहिराती फिरू लागतात. वेष्टने आणि बाटल्या परत आणणे ही चांगलीच सवय आहे. परंतु कचरा उचलला म्हणजे आपण तिथे काहीच मागे ठेवले नाही, हा समज खरा नाही. एका रात्रीच्या मुक्कामाची सर्वांत टिकाऊ खूण मातीच्या आत उमटते आणि ती पिशवीत भरून आणता येत नाही.

चांगली रवाळ माती निम्मी पोकळ असते. तिचे घन सेंटिमीटरभर ढेकूळ सुकवून तोलले, तर ते सुमारे १.३ ग्रॅम भरते. त्याच मापाचा मातीतला खनिज कण मात्र २.६५ ग्रॅम भरेल. म्हणजे सुमारे ५१ टक्के जागा हवेची आणि पाण्याची. हीच माती पायांखाली दबून १.६ ग्रॅमवर गेली, की पोकळी ४० टक्क्यांवर येते. फरक अकरा टक्क्यांचा, म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण दाबाखाली सर्व छिद्रे सारखी आकसत नाहीत. मुळांच्या, गांडुळांच्या आणि मातीच्या रव्यांमधल्या रुंद वाटा आधी मिटतात, अतिसूक्ष्म छिद्रे जवळपास तशीच राहतात.

रुंद वाटांचे मोल किती, हे १९व्या शतकातील प्वाझॉय या फ्रेंच वैद्याच्या नियमावरून कळते. केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते याच्या कुतूहलातून तो बारीक काचनळ्यांवर प्रयोग करत होता, आणि त्याला असे आढळले की नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. व्यास निम्मा झाला, तर प्रवाह निम्मा किंवा पाव होत नाही, एक सोळांश होतो. मातीतली छिद्रे काचनळ्यांसारखी सरळ नसतात हे मान्य केले, तरी गणिताचा कल तोच राहतो: थोड्याशा दाबाने माती थोडीशी बसते आणि तिची पाणी जिरवण्याची क्षमता मात्र कोसळते. जे पाणी जिरत नाही ते उतारावर माती घेऊन धावते. उरलेल्या बारीक छिद्रांत पाणी अडकून बसते, आणि पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असल्याने खालची मुळे गुदमरतात.

आता प्रश्न असा, की माती सर्वांत जास्त केव्हा दबते? याचे उत्तर ज्याने खळे केले आहे त्याला विचारावे. खळ्याच्या जागेवर पाणी शिंपडतात, बैल फिरवतात, चोपण्याने चोपतात आणि मग शेणाने सारवतात. कोरडी माती चोपली तर धुरळा होतो, चिखल चोपला तर तो पचापचा बाजूला सरकतो. मधल्या एका ओलीवर मात्र ती दगडासारखी बसते. धरणांचे मातीचे भराव करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याने १९३३ साली याचेच मोजमाप मांडले. कणांभोवती पाण्याचा पातळ थर आला की ते एकमेकांवरून सहज घसरून जवळ बसतात. त्याहून जास्त पाणी झाले, की ते स्वतःच जागा अडवते आणि दाबाला जुमानत नाही. ही ओल ओळखायला उपकरण लागत नाही. मूठभर माती दाबावी. लाडू वळला आणि तळहात ओला झाला नाही, तर तुम्ही त्या मधल्या ओलीच्या जवळपास आहात. वळवाच्या सरीनंतरच्या एखाद-दोन दिवसांत, म्हणजे नेमक्या काजव्यांच्या हंगामात, डोंगरातली माती अशीच असते. काजव्यांच्या अनेक जातींच्या अळ्या याच मातीत आणि पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात, हे जाता जाता सांगायला हवे.

दोष तंबूचा नाही, हेही लक्षात घ्यावे. आडव्या झालेल्या साठ किलोच्या माणसाचा भार सुमारे अर्ध्या चौरस मीटरवर पसरतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम बारा ग्रॅम. तोच माणूस दहा किलोची पाठपिशवी घेऊन एका पावलावर येतो तेव्हा दाब तीस-चाळीस पट होतो. म्हणूनच गवत मरते ते तंबूच्या दारापाशी, चुलीभोवती आणि पाण्याच्या वाटेवर. तुडवण्याचे पद्धतशीर प्रयोग डेव्हिड कोल आणि नील बेफील्ड यांनी १९९३ साली सुचवलेल्या रीतीने होतात: अर्धा मीटर रुंदीच्या पट्ट्यांवरून २५, ७५, २००, ५०० वेळा चालून वनस्पती मोजायच्या. अशा प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसते की बरेचसे नुकसान सुरुवातीच्या थोड्या फेऱ्यांतच होते आणि नंतरच्या फेऱ्या त्यात फारशी भर घालत नाहीत. ‘गर्दीपासून दूर, अस्पर्श जागा’ शोधणारा हौशी मुक्कामवाला म्हणूनच रुळलेल्या जागी उतरणाऱ्यापेक्षा अधिक हानी करू शकतो.

दबलेली माती पुन्हा उठते का, हे मातीच्या जातीवर ठरते. थंड देशांत गोठणारे पाणी तिला उचलते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून आणि पावसात फुगून स्वतःच स्वतःला नांगरते. सड्यांवरच्या, म्हणजे कातळी पठारांवरच्या, तांबड्या, जांभ्याच्या मातीत मात्र फुगणारी चिकणमाती नसते, आणि कित्येक ठिकाणी कातळावर तिचा थर बोटभरच असतो. तिथे काम मुंग्या, वाळवी आणि मुळे यांच्यावर सोपवलेले असते आणि ते वर्षानुवर्षे चालते. एका पठारावर आमच्या वाटाड्याने उघडाबोडका गोल दाखवून सांगितले होते, की इथे गवत धरत नाही, जागा बाधित आहे. मी तिथे अर्धी बाटली पाणी ओतले, तर ते चहा उकळेपर्यंत तसेच उभे राहिले. चार हातांवरच्या गवतात तेवढेच पाणी ओतले, ते बघता बघता गायब झाले. तिथली बाधा बुटांची होती. गोलाभोवती कुणीतरी तंबूत पाणी शिरू नये म्हणून खणलेला चरही होता, आणि त्यातून दर पावसाळ्यात उरलीसुरली माती वाहत होती.

मग तंबू ठोकायचा कुठे? उघड्या कातळावर, आधीच रुळलेल्या जागेत, किंवा मालकाला विचारून भाताच्या खाचरात. हा शेवटचा पर्याय मला एका शेतकऱ्याने सुचवला. आम्ही बांधापलीकडच्या गवतात खुंट्या ठोकत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, “तिकडं गवतात कशाला लावता? खाचरात लावा की, पंधरा दिसांत नांगर फिरायचाच हाय.” त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. भातलावणीआधीची चिखलणी म्हणजे छिद्रे मुद्दाम मोडून पाणी तुंबवण्याचीच क्रिया; आमच्या पावलांनी तिथे जे केले असते, ते त्याचे बैल आषाढात कितीतरी नीट करणार होते. आम्ही खुंट्या उपटल्या आणि खाली उतरलो.