घरविम्यातील वजावट

घरविम्यातील वजावट : नुकसानीच्या दाव्यातील जो पहिला हिस्सा विमा कंपनी देत नाही आणि जो विमेदाराने स्वतः सोसायचा असतो, ती रक्कम. पॉलिसीच्या कागदावर तिला ‘एक्सेस’ किंवा ‘डिडक्टिबल’ म्हटलेले असते. वजावट वाढली की हप्ता उतरतो, घटली की चढतो. कंपनीने ठरवून दिलेली ती अनिवार्य वजावट, आणि हप्ता कमी व्हावा म्हणून ग्राहकाने आपण होऊन पत्करलेली ती ऐच्छिक.

‘विमा’ हा शब्द फार्सी-हिंदुस्थानी ‘बीमा’वरून आला आणि त्याच्या मुळाशी ‘बीम’ म्हणजे भय हा शब्द आहे, असे सामान्यतः मानतात. तो मराठीत थेट आला की व्यापाऱ्यांच्या गुजरातीतून, याविषयी एकवाक्यता नाही. गुजरातीतही ‘वीमो’ असा वकारच असल्याने दुसरे मत अधिक संभवनीय वाटते. जोखमी हुंडी, म्हणजे मालाच्या जोखमीशी बांधलेली व्यापाऱ्यांची रोखचिठ्ठी, हे विम्याचे देशी पूर्वरूप असल्याचे काही अभ्यासक सांगतात. माल मुक्कामी सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे मिळत, त्यामुळे जोखीम वाटून घेण्याची कल्पना तिच्यात निश्चित आहे. वजावट मात्र तिच्यात दिसत नाही, कारण माल बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे सगळेच बुडे. वजावटीचा उगम बहुधा इंग्लंडमधील सागरी विम्यात शोधावा लागेल. तेथे १७४९ च्या सुमारास रूढ झालेल्या एका कलमाने ठरावीक मालाचे ३ किंवा ५ टक्क्यांखालील नुकसान भरपाईतून वगळले. या मर्यादेला ‘फ्रँचाइज’ म्हणतात; ती आणि आजची वजावट एक नव्हेत. फ्रँचाइजमध्ये मर्यादा ओलांडली की पूर्ण भरपाई मिळते. वजावट प्रत्येक दाव्यातून कापली जाते. जुन्या लेखनात या दोन्ही संज्ञांची सरमिसळ आढळते.

भारतात १९७३ पासून सर्वसाधारण विमा राष्ट्रीयीकृत होता. खासगी कंपन्यांना वाट १९९९ च्या कायद्यानंतर मिळाली, आणि आगीच्या विम्याचे (घरविमा याच वर्गात मोडतो) दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले. तोवर दर सगळीकडे सारखेच असल्याने चार ठिकाणी भाव काढण्यात फारसा अर्थ नव्हता. त्याआधीच्या अखिल भारतीय अग्नी दरपत्रकानुसार पूर, वादळ, भूकंप यांसारख्या नैसर्गिक आपत्तींत दाव्याच्या ५ टक्के, किमान १०,००० रुपये वजावट होती. राहत्या घरांना या अटीतून वगळले होते. कोल्हापूरच्या पेठांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रचना जुनी आहे. एकाच भिंतीवर पाणी चढले तरी खालच्या मालाला एक नियम आणि वरच्या घराला दुसरा, असा पेच तेथे उभा राहतो. इमारतीचा कोणता भाग कोणत्या पॉलिसीत आहे हे अनुसूचीत (पॉलिसीसोबतच्या तपशीलपत्रात) स्पष्ट लिहून घेणे म्हणूनच अगत्याचे.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक झाली, आणि चारच महिन्यांत कोल्हापूरच्या पंचगंगेला महापूर आला. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानाला तिच्यात आपोआप संरक्षण असते. विमा रक्कम कमी पडली म्हणून त्या प्रमाणात भरपाई कापण्याची जुनी पद्धतही तिने बंद केली. ज्यांच्या जुन्या घराची किंमत कागदावर कधीच नीट मांडली गेली नव्हती, त्यांच्यासाठी हा बदल वजावटीपेक्षाही मोलाचा आहे.

हप्ता आणि वजावट तोलण्याचा हिशेब सोपा आहे. समजा वजावट ५,००० वरून २५,००० रुपये केली आणि वार्षिक हप्ता ३,६०० वरून २,९०० वर आला. दाव्याच्या वेळी अंगावर पडणारा जादा भार २०,००० रुपये, दरसाल बचत ७००. भागाकार २८ च्या थोडा वर येतो. म्हणजे २८ वर्षांतून एकदाही दावा करावा लागणार नसेल, तरच ही बचत पदरात पडते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि २०२१ मध्ये त्याच्याही थोडे वर. त्याआधीचा मोठा पूर २००५ चा. सतरा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या सुतारवाडा, दुधाळी किंवा शाहूपुरीतील कुंभार गल्ली परिसरातील घराने मोठी वजावट घेऊन हप्ता वाचवणे आतबट्ट्याचे ठरते. तेथे भिंतीवर कमरेच्या वर गाळाची रेघ उमटते, लाकडी कपाटाचे तळ फुगतात, फ्रिजची मोटर जाते. पाणी घरात शिरले की नुकसान २०,००० रुपये सहज पार करते. उंचावरच्या वस्तीत चित्र उलटे असते. तेथे मुख्य धोका आग व शॉर्टसर्किटचा, तो विरळ आणि मोठा. म्हणून वजावट वाढवून वाचलेल्या पैशात विमा रक्कम वाढवणे शहाणपणाचे. घर निळ्या (२५ वर्षांतून एकदा) की लाल (१०० वर्षांतून एकदा) पूररेषेच्या आत आहे, हे आधी पाहावे.

भाव विचारताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात. वजावट ठरावीक रकमेची आहे की टक्केवारीची : ४ लाखांच्या दाव्यावर ५ टक्के म्हणजे २०,००० रुपये. ती घसारा (वस्तू जुनी झाल्याने घटलेली किंमत) धरण्याआधी कापतात की नंतर. आणि एक ‘घटना’ कशाला म्हणतात. काही पॉलिसींत सलग ७२ तासांतील नुकसान एक घटना धरतात. २०१९ मध्ये पाणी कित्येक दिवस घरांत उभे होते. असे कलम अक्षरशः लावले तर एकाच पुरात वजावट दोनदा कापली जाण्याची शक्यता राहते. आलेला पूर ही मुळात एकच घटना मानावी, हे मत अधिक न्याय्य दिसते. अनुसूचीत तसे लिहून घेतल्यास वाद टळतो.

गृहकर्जासोबत बँक जो विमा काढायला लावते, तो पुष्कळदा इमारतीपुरता असतो. सामान वेगळे घ्यावे लागते. हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. १९३८ च्या विमा कायद्यानुसार हप्ता पोचल्याखेरीज जोखीम सुरू होत नाही, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर, नदी ३९ फुटांकडे निघाल्यावर केलेली धावपळ उशिराची ठरते. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विम्यासाठी परवानाधारक सर्वेक्षकाची पाहणी वेगळी होते, आणि गाळ उपसण्याआधी काढलेले फोटो दोन्हीकडे उपयोगी पडतात. कंपनीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास कोल्हापूरच्या विमेदाराला पुणे येथील विमा लोकपालाकडे जाता येते.