आवाज तर इथंच आहे, मग गेलं काय?

सप्टेंबर १८३६. मँचेस्टरच्या संगीत महोत्सवात गाऊन झाल्यावर मारिया मालिब्रान कोसळली आणि थोड्याच दिवसांत वारली. वय अवघं २८. जुलैमध्ये ती घोड्यावरून पडली होती, पण दुखणं अंगावर काढत गातच राहिली. युरोपातली मोठमोठी नाट्यगृहं जिच्यासाठी भरायची, तिचा आवाज तिच्याबरोबर त्याच दिवशी संपला. तो कसा होता हे आज कुणीच सांगू शकत नाही, कारण आवाज धरून ठेवणारं यंत्र एडिसनच्या हातून तयार व्हायला अजून ४१ वर्षं लागणार होती.

ऑगस्ट १९२१. नेपल्समध्ये एन्रिको कारुसो गेला. एव्हाना त्याच्या गाण्याच्या दोनशेहून जास्त ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. बातमी वाचून डोळे पुसणारा माणूस संध्याकाळी ग्रामोफोनला चावी द्यायचा आणि कारुसो गायला लागायचा. कालच्यासारखाच. एक श्रुतीही इकडची तिकडे नाही.

गायकाच्या मृत्यूचं हे कोडं तेव्हापासूनचं आहे. शेजारचे आजोबा गेले की त्यांची हाक थांबते, खुर्ची रिकामी होते. गायक गेला तर त्याच्या बहुतेक चाहत्यांकडे जे होतं त्यातलं काहीच कमी होत नाही. उलट पुढचे चार दिवस तो जास्तच ऐकू येतो. मग आवंढा कशाचा येतो? ‘जन्मात कधी भेटला नाहीस आणि रडतोस काय?’ असं विचारणारा एकजण दर वेळी असतोच. मला तो माणूस आवडत नाही, पण त्याचा प्रश्न रास्त आहे.

पहिलं उत्तर १९५६ मधलं. दूरचित्रवाणी नवीन होती तेव्हा डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांच्या लक्षात आलं, की पडद्यावरचा निवेदक कॅमेऱ्यात बघून बोलतो आणि घरात बसलेल्या माणसाला तो आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. रोज भेट, रोज तीच लकब, रोज तेच हसू. हळूहळू ओळख झाल्याची भावना तयार होते, फक्त ती एकाच बाजूला असते. या प्रकाराला त्यांनी ‘पॅरासोशल’ हा शब्द दिला. आपला मेंदू घडला तेव्हा चेहरा दिसला किंवा आवाज आला म्हणजे माणूस समोर आहे, एवढाच अर्थ होता. पडदा आणि स्पीकर ही अगदी अलीकडची भानगड. ‘हा खरा भेटलेला, हा नुसता ऐकलेला’ असे दोन वेगळे कप्पे मेंदूत नाहीत.

हॉर्टन आणि वोल यांचा रोख निवेदकांवर होता. माझ्या मते गायकांच्या बाबतीत हे प्रकरण कितीतरी खोल जातं, आणि त्याचं कारण आहे मायक्रोफोन.

१९२५ च्या आधी ध्वनिमुद्रण म्हणजे मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गाणं. आवाजाच्या नुसत्या जोरावर सुई हलली पाहिजे, म्हणून गायक दणकट गळ्याचा लागे. त्या वर्षी विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण बाजारात आलं आणि पुटपुटणंही तबकडीवर उतरायला लागलं. गायक हळू गाऊ लागले. आता विचार करा, खऱ्या आयुष्यात आपल्या कानापासून वीतभर अंतरावर हळू आवाजात कोण बोलतं? आई, जोडीदार, मांडीवर बसलेलं मूल. यादी इथंच संपते. मायक्रोफोनने त्या यादीत एका अनोळखी माणसाला नेऊन बसवलं.

यात भौतिकशास्त्राचीही एक गंमत आहे. एका बाजूचा आवाज जास्त टिपणारे मायक्रोफोन असतात, त्यांच्या अगदी जवळ तोंड नेलं की खर्जाच्या लहरी नेहमीपेक्षा जोरात उमटतात. ध्वनिमुद्रकांना हा परिणाम चांगला ठाऊक असतो आणि ते तो मुद्दाम वापरतात. आवाज भरदार होतो, ऊबदार होतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, एवढंच जाणवतं की हा माणूस फार जवळ आहे.

त्यात हेडफोनची भर पडली. एरवी आवाज कुठून आला हे मेंदू बारीक खुणांवरून ठरवतो: तो कोणत्या कानात किंचित आधी पोचला, कानाच्या पाळीवरून कसा परतला, भिंतींवरून किती घुमला. हेडफोनमध्ये यातल्या बऱ्याच खुणा गायब होतात. दोन्ही कानांत सारखाच आवाज येतो, त्यामुळे तो बाहेरून आल्यासारखा वाटतच नाही, डोक्याच्या आत कुठंतरी मधोमध उमटतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तेच बोलणं काहींना हेडफोनवर आणि काहींना स्पीकरवर ऐकवलं होतं. हेडफोनवाल्यांना बोलणारा माणूस जास्त जवळचा वाटला. हे झालं साध्या बोलण्याचं. आवडत्या गाण्यात ओळ सुरू होण्याआधी गायकाने घेतलेला श्वास हेडफोनवर ऐकून बघा. तो श्वास आपण हजार वेळा ऐकलेला असतो. सख्ख्या भावाचाही इतका ऐकलेला नसतो.

हा आवाज मेंदू किती घट्ट धरून ठेवतो, याचा एक मासला १९९९ मधला. ग्लेन शेलेनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकप्रिय गाण्यांचे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे तुकडे कापले आणि पाच गाण्यांच्या यादीतून जोड्या लावायला सांगितल्या. नुसत्या अंदाजाने जितकी उत्तरं बरोबर आली असती, त्याहून ती स्पष्टपणे जास्त आली. सेकंदाच्या दहाव्या भागात चाल मावत नाही, शब्द मावत नाही. मावतो फक्त आवाजाचा पोत. माणसं पोतावरून ओळखत होती. अंधारात घरचं माणूस नुसत्या खाकरण्यावरून ओळखतो, तसं.

आता वयाची गोष्ट. उतारवयातल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणींची गर्दी होते. मानसशास्त्रात हा ‘आठवणींचा उंचवटा’ प्रसिद्ध आहे. गाणी नेमकी याच काळात सर्वांत जास्त चिकटतात. पेत्र यानाता या संशोधकाने २००९ मध्ये तरुणांना त्यांच्या लहानपणची लोकप्रिय गाणी ऐकवत मेंदूची छायाचित्रं घेतली. ज्या गाण्याशी स्वतःची आठवण जोडलेली होती, त्या गाण्याला कपाळामागचा मधला भाग जास्त प्रतिसाद देत होता. ‘मी कोण’ याचा हिशोब ठेवण्यात हाच भाग पुढे असतो. त्यामुळे गायक गेला की आपण स्वतःच्या सतराव्या वर्षासाठी रडतो, असं म्हणायची फॅशन आहे. त्यात तथ्य आहे, पण सगळं तथ्य त्यात नाही. तसं असतं तर जुनी शाळा पाडल्यावरही इतकंच रडू आलं असतं.

बातमी कळण्याच्या क्षणाविषयी थोडं सांगायला हवं, कारण तिथं मी स्वतः तोंडघशी पडलोय. लता मंगेशकर गेल्याचं मला कसं कळलं, हे मला लख्ख आठवतं. ऑफिसला निघालो होतो, एक बूट घातलेला, दुसरा हातात, आणि फोन वाजला. हे मी कित्येकांना सांगितलंय. पुढे कधीतरी कॅलेंडर बघितलं. ६ फेब्रुवारी २०२२ हा रविवार होता.

अशा आठवणींना १९७७ पासून ‘फ्लॅशबल्ब’ आठवणी म्हणतात. फ्लॅश मारून फोटो काढावा तशा त्या कायमच्या कोरल्या जातात, अशी तेव्हा कल्पना होती. मग १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर अंतराळयान कोसळलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच उल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कशी कळली’ हे लिहून घेतलं, आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. चौथा हिस्सा विद्यार्थ्यांच्या उत्तरांत एकही मुख्य तपशील जुळला नाही. खात्री मात्र भरपूर. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद पुढे ठेवला तरी काहीजण नव्या आठवणीवरच अडून बसले. भावना तीव्र असली की आठवण ठळक होते, अचूक होतेच असं नाही. माझा तो हातातला बूट मला आजही दिसतो.

बातमी पसरली की माणसं शोधायला लागतात. २५ जून २००९ ला मायकल जॅक्सनच्या मृत्यूची बातमी फुटली, तेव्हा त्याचं नाव एवढ्या लोकांनी एकदम टाइप केलं की गूगलच्या यंत्रणेला तो हल्ला वाटला. जवळपास २५ मिनिटं बातम्या शोधणाऱ्या काहींना दिलगिरीचं पान दिसत राहिलं. यंत्राचा तर्क बरोबरच होता, इतकी माणसं एका क्षणी एकच गोष्ट विचारतील हे त्याला कोण सांगणार?

मग माणसं घराबाहेर पडतात. ३ फेब्रुवारी १९७५ ला कैरोत इजिप्तची लाडकी गायिका उम्म कुल्सुम गेली. अंत्ययात्रेचा मार्ग ठरलेला होता. पण लोटलेल्या लाखोंच्या गर्दीने शवपेटी वाहणाऱ्यांकडून काढून घेतली, हातोहात पुढे नेली आणि काही तासांनी हुसेन मशिदीत पोचवली, कारण तिला ती मशीद प्रिय होती अशी लोकांची समजूत होती. मार्ग बदलताना गर्दीने कुणाला विचारलं नाही. हे माणूस आपलं आहे, त्याचं शेवटचं आपण करणार, असा तो हक्क होता. माणसं एका जागी, एका भावनेने जमली की एक वेगळीच सामूहिक ऊर्मी तयार होते, असं समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १९१२ मध्येच लिहून ठेवलंय.

डेव्हिड बोवी गेला तेव्हा, जानेवारी २०१६ मध्ये, लंडनच्या ब्रिक्स्टन भागात लोक रस्त्यात जमून त्याची गाणी गात होते. परक्याला हे नाचगाणं विचित्र वाटेल. पण रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं होतं, की गाणाऱ्या, नाचणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या माणसांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढते, आणि नुसतं संगीत ऐकणाऱ्यांची तशी वाढत नाही. शरीरातली एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्यं त्यामागे असावीत, असा त्यांचा अंदाज. गायकाच्या मृत्यूवर गाणं हा उतारा माणसांना प्रयोगशाळेच्या फार आधीपासून माहीत आहे.

आणि ‘रडतोस काय’ म्हणणारा तो माणूस? त्याच्यावरही अभ्यास झालाय. बोवी, गायक प्रिन्स आणि अभिनेता ॲलन रिकमन, तिघंही २०१६ च्या पहिल्या चार महिन्यांत गेले. त्या वेळी फेसबुकवर लोक एकमेकांच्या दुःखाची झडती कशी घेत होते, ते २०१७ मध्ये तपासलं गेलं. तू खरा चाहता नाहीस, तू दिखावा करतोस, जगात याहून मोठी दुःखं आहेत. ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही ते जास्त काळ सलतं, हे शोकाचा अभ्यासक केनेथ डोका १९८९ पासून सांगत आलाय. नातेवाइकाला सांत्वनाचा फोन येतो, रजा मिळते. चाहत्याला चेष्टा मिळते.

एक बाब मात्र जपून बोलायची. एप्रिल १९९४ मध्ये रॉक गायक कर्ट कोबेनने आत्महत्या केली, तेव्हा त्याच्या शहरात, सिएटलमध्ये, अनुकरणाची लाट येईल अशी धास्ती होती. नंतर आकडे पाहिले तर आत्महत्या वाढल्या नव्हत्या. संकटात मदत देणाऱ्या केंद्रांकडे येणारे फोन वाढले होते. बातम्यांनी त्याची कला आणि त्याचं कृत्य वेगळं ठेवलं, मदतीचे क्रमांक वारंवार दिले, आणि त्याची पत्नी जाहीरपणे त्याच्यावर चिडली, यांचा त्यात वाटा असावा असं अभ्यासकांचं मत पडलं. बातमी कशी सांगितली जाते, याने फरक पडतो.

परत कोड्याकडे. काहीच गेलं नाही, तर गेलं काय? मला वाटतं, एक शक्यता गेली. तो माणूस जगाच्या पाठीवर कुठंतरी आहे, उद्या नवं काहीतरी गाईल, ही मागे चालू असलेली जाणीव बंद पडली. बाकीचं नातं जसं होतं तसंच चालू राहतं. मृताशी असलेला बंध हळूहळू सोडवायचा असतो, असं फ्रॉइडने १९१७ मध्ये मांडलं होतं. १९९० च्या दशकात अभ्यासकांनी ते उलटं केलं: बहुतेक माणसं बंध तोडत नाहीत, त्याचं रूप बदलून तो जपतात. चाहत्याला रूपही बदलावं लागत नाही. त्याचं नातं पहिल्यापासून ध्वनिमुद्रणाशीच होतं.

आणि ते नातं कानापेक्षा आत आहे. २००५ मध्ये डेव्हिड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून गाणी लावली आणि मधेच दोन ते पाच सेकंद आवाज पूर्ण बंद केला. गाणं अनोळखी असेल तर शांतता ती शांतताच. ओळखीचं असेल तर आवाज नसतानाही ऐकण्याचं काम करणारा भाग जास्त जागा राहिला. गाणं तुटलं होतं, पण त्या माणसांच्या मनात ते वाजतच राहिलं. त्यांनी सांगितलं, गाणं तर चालूच होतं.