धोकादायक इमारत (ठाणे व नवी मुंबई)

राहण्यास असुरक्षित ठरलेल्या, पण बहुधा माणसांनी भरलेल्याच असणाऱ्या इमारतीसाठी महापालिकेच्या कामकाजात रूढ असलेली संज्ञा. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अशा इमारतींची यादी जाहीर करतात. यादीत चार वर्ग असतात. ‘सी-1’ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. ‘सी-2ए’ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. ‘सी-2बी’ म्हणजे रहिवासी आत असतानाच दुरुस्त करायची. आणि ‘सी-3’ म्हणजे किरकोळ डागडुजीची. सामान्य माणसाला परवडणारी जुनी घरे वाचणार की जाणार, हे बरेचसे मधल्या दोन वर्गांत ठरते. चर्चा मात्र पहिल्याचीच होते.

महापालिकेचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातून येतो. कलम 264 खाली ती धोकादायक बांधकाम रिकामे करायला, दुरुस्त करायला किंवा पाडायला लावू शकते. 30 वर्षांवरील इमारतींना संरचनात्मक तपासणी, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘स्ट्रक्चरल ऑडिट’, बंधनकारक आहे. तपासनीस हातोडीने खांब ठोकत जातो. आवाज पोकळ आला की आत सळई गंजून फुगलेली असते आणि तिने भोवतालचे काँक्रीट सुटे केलेले असते. खाडीकाठची खारी, दमट हवा आणि संडास-मोरीतून वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी ही त्याची नेहमीची कारणे. वेळीच हाती घेतले तर सुटे काँक्रीट काढून, सळईचा गंज खरवडून, खांबाला जॅकेटिंग करून, म्हणजे भोवती नव्या सळई-काँक्रीटचे कवच चढवून, इमारत आणखी काही वर्षे नीट उभी राहते.

हा खर्च कोणी करायचा, हा खरा पेच. मुंबई शहर बेटावरील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींसाठी म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. खाडीच्या या बाजूला, म्हणजे ठाणे-नवी मुंबईत, तशी यंत्रणा नाही. इथे पालिका नोटीस लावते, वेळप्रसंगी वीज-पाणी तोडते. दुरुस्तीचा भार मात्र सोसायटीवर किंवा मालकावर येतो. नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीतील पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, घरांत मालक पैसे घालायला राजी नसतो आणि घर सोडले की हक्क गेला, या धास्तीने भाडेकरू हलत नाहीत. म्हणूनच पाडण्यापूर्वी प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्रफळ मोजून त्याची नोंद ठेवण्याला एवढे महत्त्व आहे. तो कागद हाती असला तरच माणूस उंबरठा ओलांडतो.

ठाण्यात एकेकट्या इमारतीऐवजी अख्ख्या वस्तीचा पुनर्विकास करणारी समूह विकास योजना (‘क्लस्टर’) पुढे आली. वागळे इस्टेटजवळचे किसननगर हे तिचे पहिले मोठे क्षेत्र. अनधिकृत इमारतींतील रहिवाशांनाही तिच्यात घर मिळण्याची वाट आहे, हे तिचे बलस्थान. मात्र ही योजना पाडून बांधण्याची आहे, जतनाची नव्हे. आणि क्लस्टर येणार म्हटल्यावर गळक्या गच्चीवर वर्गणी काढायला कोणी धजत नाही.

नवी मुंबईचा प्रश्न वयाने लहान, पण अधिक चमत्कारिक आहे. इथली घरे सिडकोने, म्हणजे सरकारी महामंडळानेच बांधली. वाशीतील सेक्टर 9 व 10 मधल्या ‘जेएन-1’, ‘जेएन-2’ प्रकारच्या इमारतींत छताचे पोपडे पडण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. शासनाने 2015 मध्ये सिडकोच्या मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी अडीच चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या अडीच पट बांधकामाची मुभा, मंजूर केला. जमीन भाडेपट्ट्याची असल्याने बांधकाम परवानगी महापालिकेची, तर ना-हरकत दाखला सिडकोचा, अशा दोन दारांत रहिवाशांना उभे राहावे लागते.

कोपरखैरण्यातील माथाडी कामगारांची छोटी घरे या चौकटीत नीट बसत नाहीत. मूळच्या बैठ्या घरांवर कुटुंबे वाढली तसे मजले चढले. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या आहेत. एक घर पाडायला घेतले की बाजूच्या दोघांना आधी टेकू लावावा लागतो.