आषाढातला वारा, वैशाखातलं ऊन

मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जाताना माळावरच्या पवनचक्क्या संथ फिरताना दिसतात. त्याच वाटेनं आषाढात जाऊन बघा. पात्यांची घरघर खालपर्यंत ऐकू येते, डोक्यावरचा टॉवेल हातानं धरून ठेवावा लागतो आणि ढग असे दाटलेले असतात की दुपारी तीनला घरात दिवा लावावा लागतो. सौर पॅनेल ज्या दिवसांत मान टाकतात, नेमका तेव्हाच वारा जोरात असतो. आपल्या बेळगाव भागात ऊन-वाऱ्यापासून कुठं किती वीज मिळेल हे दाखवणारा ऊर्जेचा नकाशा इथूनच सुरू व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

अशा नकाशात बहुतेक वेळा ऊन-वाऱ्याची वर्षाची सरासरी एका रंगात भरलेली असते. बेळगाव जिल्ह्याला तसा एक रंग देताच येत नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तिथं पावसाळ्यात दिवसेंदिवस सूर्यदर्शन नाही. तीच नदी सौंदत्तीला पोचते तोवर सगळा ज्वारीचा मुलूख लागलेला असतो. अथणीकडे ऊन आणखी लख्ख. पण लख्ख ऊन म्हणजे तेवढी जास्त वीज, असंही नाही. सिलिकॉनचं पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे त्याची वीज सुमारे ०.४ टक्क्यानं घटते. वैशाखात ते ६० अंशांवर गेलं, तर १४ टक्के तिथंच गेले. साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगाव शहराची गार हवा या बाबतीत कामाला येते.

वाऱ्याचं गणित याहून नाजूक. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ५ मीटरचा वारा ६ मीटर झाला, तर वेग वाढतो २० टक्के आणि शक्ती ७३ टक्के! म्हणजे वेगाच्या अंदाजात जराशी चूक झाली तरी प्रकल्पाचा हिशोब कोलमडतो. त्यामुळे संगणकातल्या आकड्यांवर न थांबता जागेवर मनोरा उभारून निदान वर्षभर वारा मोजावा लागतो. उंचीही महत्त्वाची. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजात कर्नाटकची पवन ऊर्जेची क्षमता जमिनीपासून १२० मीटर उंचीवर सुमारे १२४ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) आहे, १५० मीटरवर सुमारे १६९.

यातून खानापूरकडचं भीमगड अभयारण्य, बागायती आणि गावठाणं वजा करायची, सबस्टेशन किती लांब तेही बघायचं. उरेल ती खरी जागा.

आणि त्या जागेवर कुठल्या महिन्यात, कुठल्या तासाला किती ऊन-वारा मिळतो आणि किती वीज लागते, ते मांडायचं. हल्ली मोटारीला लागणारी थ्री फेज वीज रात्रीची येते म्हणून शेतकरी हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाची भीती पोटात ठेवून उसाला पाणी पाजायला जातो. त्याच्या मोटारीला सगळ्यात जास्त वीज लागते ती माघापासून वैशाखापर्यंत, आणि त्या महिन्यांत सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत त्याच्या बांधावर रखरखीत ऊन असतं.