पद्मिनीच्या पंपावरचं ओलं फडकं

मे महिन्याच्या दुपारी ठाण्याच्या कळवा नाक्यावर वाहतूक तुंबली की पूर्वी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी तरी फियाट दिसायचीच. मालक इंजिनाच्या एका बाजूला बाटलीतलं पाणी ओतत असायचे, नाहीतर तिथे ओलं फडकं गुंडाळत असायचे. थोड्या वेळाने गाडी मुकाट सुरू व्हायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, इंजिन तापलं. ते तापलेलं असायचंच, पण गाडी त्यामुळे अडलेली नसायची. तिचं पेट्रोल उकळत असायचं.

पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले हलके घटक 35-40 अंश सेल्सिअसलाच वाफ व्हायला लागतात. या फियाटचा, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचा, पेट्रोल पंप यांत्रिक, थेट इंजिनाच्या ब्लॉकला बोल्टने आवळलेला. इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा फिरताना पंपाची दांडी हलवतो, आतला लवचिक पडदा खाली-वर होतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढून घेतो, इथेच सगळी मेख आहे. ओढताना नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की द्रव कमी तापमानालाही उकळतो. गाडी पळत असताना वारा लागतो, शिवाय टाकीतून गार पेट्रोल भराभर येत राहतं. नाक्यावर खोळंबलेल्या गाडीत दोन्ही बंद. मग पंपात वाफ साठते. वाफ दाबली की नुसती आक्रसते. पडदा इमानेइतबारे हलत राहतो, पण पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरपर्यंत पेट्रोलचा थेंब पोचत नाही.

ओल्या फडक्याचा उपाय माठाच्या हिशेबाने चालतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 ज्यूल उष्णता खर्ची पडते, आणि इथे ती पंपाच्या धातूतून काढून घेतली जाते. मात्र खाडीकाठच्या दमट हवेत फडकं सावकाश वाळतं, त्यामुळे ठाण्यात फडक्यावर वरचेवर पाणी ओतणारा जास्त शहाणा. आताच्या पेट्रोल गाड्यांत विजेवर चालणारा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी दाबाने पुढे ढकलतो. त्यामुळे ही कटकट जवळपास मिटली.

पद्मिनीचं घराणं थेट 1953 पर्यंत जातं. त्या वर्षी फियाटने जिनिव्हाच्या प्रदर्शनात '1100' ही नवी गाडी मांडली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला आधी अमेरिकी डॉज आणि प्लिमथ जोडत असे. पुढे फियाटशी करार झाला आणि 1954 च्या सुमारास ही 1100 आली. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ती गोलमटोल गाडी म्हणजे आपल्याकडची 'डुक्कर फियाट'. 1964 मध्ये 1100 डी आली, दरवाजे सरळ झाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला करार संपल्यावर तिची 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, आणि 1974 मध्ये 'पद्मिनी'. कागदोपत्री काहीही असो, लोक फियाटच म्हणत राहिले. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सुमारे 40 अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इटलीने 1100 चं उत्पादन 1969 मध्ये बंद केलं. आपण मात्र ती नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनवत होतो.

गाडी उत्तम होती म्हणून एवढी टिकली, असं म्हणणं मला भाबडेपणाचं वाटतं. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं त्या परवाना राज्यात गिऱ्हाइकापुढे मुख्यतः फियाट नाहीतर अँबॅसिडर अशीच निवड, आणि तीही वर्षानुवर्षं नंबर लावून. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि चित्र पालटलं. प्रीमियरने नव्वदच्या दशकात कल्याणच्या कारखान्यात प्यूजो 309 काढून पाहिली, तीही फार चालली नाही. पद्मिनीला शेवटपर्यंत सांभाळलं ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी. वयोमर्यादेच्या नियमामुळे शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. एक गुण मात्र खरा: बिघाड डोळ्यांना दिसायचा. पंप खोलायला पाना पुरे, लॅपटॉप लागत नसे.

ठाण्या-वाशीकडे अजून काही हौशी मंडळी पद्मिनी घेतात, तेव्हा आधी इंजिनाचा आवाज ऐकतात. माझ्या मते आधी वाकून दरवाजांच्या खाली बघावं. या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा, आणि 1953 मध्ये ही गोष्ट आधुनिक होती. दरवाजांखालची लांबट पोकळ पेटी गाडीचं बरंचसं वजन पेलते. तिच्या तळाला पाणी जायला भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचं पाणी आतच मुरतं. गंजायला लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढं पुरतं. खाडीवरच्या हवेतलं मीठ त्या पाण्यात उतरलं की ते वीज अधिक चांगली वाहून नेतं आणि गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया झपाट्याने होते. पत्रा आतून कुजतो, बाहेरचा रंग मात्र तुकतुकीत.

हा कुजलेला पत्रा कापून नवा जोडायला पैसे लागतात, म्हणून कित्येकदा वर नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला असतो. खिशात छोटं लोहचुंबक ठेवावं, रंगाला चरा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळून. ते पेटीवरून हळूहळू सरकवत न्यायचं. पत्र्यावर ते चिकटून चालतं. लांबीचा जाड थर आला की पकड सैल होते आणि चुंबक गळून हातात येतं. अशी जागा जॅक लावायच्या ठिकाणाजवळ सापडली, तर इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी आधी पत्र्याच्या कामाचा खर्च विचारावा आणि मगच भावाची बोलणी करावी.